गोड बोलणारे साहेब

आमच्या सगळ्या वस्तीची आत्या एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत शिपाई होती. मुलाखतीला आलेल्यांची नावं पुकारायची, आत चहापाणी न्यायचं. हातात ट्रे धरून तिनं हजारभर तरी मुलाखती ऐकल्या. एवढा अभ्यास मुलाखती घेणाऱ्यांचाही नव्हता. निवृत्तीनंतर लोक विश्रांती घेतात. आत्या वस्तीतल्या पोरापोरींच्या मुलाखती घेऊ लागली.

रविवारी सकाळी तिच्या खोलीतली खाट भिंतीला उभी केली जाई, टेबल मध्ये येई आणि चष्मा नाकावर ओढून आत्या साहेब होई. अर्जावर आमचा पत्ता दिसला की बाहेर जे ऐकावं लागतं, ते ती आधीच ऐकवून टाकी. "तुमच्याकडचं पोरगं महिनाभर तरी टिकतं का हो?" ही सुरुवात. रडणाऱ्याला पाणी मिळे, सूट मिळत नसे. अशी चौदा जणं नोकरीला लागली.

वस्तीतल्या प्लंबरची थोरली मुलगी सहा रविवार आली. इस्पितळाच्या लॅबमध्ये एकच जागा होती आणि वयाच्या अटीमुळे तिला ही शेवटची संधी. ती मुलाखतीला गेली आणि तासाभरात घरी हजर.

"काय काय विचारलं?" आत्यानं विचारलं.

"काहीच नाही. डॉक्टरीणबाई बसा म्हणाल्या, पाणी दिलं, यायला त्रास नाही ना झाला, म्हणाल्या. मी थँक्यू म्हणून निघाले."

"निघालीस? का गं बाई?"

"तूच सांगितलंयस ना, ज्याला घ्यायचं नसतं त्याच्याशीच साहेब गोड बोलतात."

आत्यानं खरंच सांगितलं होतं. तिच्या कचेरीत तसंच होतं. सभ्य माणसंही मुलाखती घेतात, ही शक्यता तिनं धरलीच नव्हती.

प्लंबरनं कपाळावर हात मारला. आत्यानं चपला घातल्या. "ऊठ. अजून चालू असतील."

"आणि सांगणार काय त्यांना?" थोरलीनं विचारलं.

"खरं. त्याला तयारी लागत नाही."

इस्पितळात मुलाखती घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर आत्या ताठ उभी राहिली. "चूक हिची नाही, शिकवणीची आहे, आणि शिकवणी माझी. तुम्ही इतकं नीट बोलाल असं मला वाटलं नव्हतं."

बाईंना हसू आवरेना. शेवटच्या उमेदवारानंतर त्यांनी थोरलीला आत घेतलं. आत्या बाहेर बाकावर बसली. मुलाखत चालू आहे आणि आतलं अक्षरही ऐकू येत नाही, हा अनुभव तिला नवा होता. तो तिला मुळीच आवडला नाही.

चाळीस मिनिटांनी थोरली बाहेर आली. "सगळं विचारलं. त्यांच्या तक्त्यात एक आकडा चुकला होता, तोही दाखवला."

"तोंडावर?"

"मग काय पाठीमागे?"

घरी येताना आत्या भेटेल त्याला थांबवून हे सांगत होती. नेमणुकीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. वस्तीला बातमी कधीच कळली होती.

आता दर रविवारी शेवटचा अर्धा तास आत्या गोड बोलते. पोरं म्हणतात, आधीचा भाग बरा होता.