गुलाम रसूलचा इको आणि कनीजची विहीर

आरमोरीच्या बसस्टँडमागे गुलाम रसूलचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हाताचा गुणी आणि डोक्याचा तितकाच हेकट. मुका रेडिओ त्याच्या हाती पडला की बोलायचाच, पण "काय बिघडलं होतं?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची अर्धा तास सुटका नसायची.

दिवाळी सरली की दुकानाला कुलूप लागायचं. झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे नाटकं, आणि गुलाम रसूल भैयाजींच्या कंपनीत वाजवायचा. नाटकाविना हिवाळा त्याला जेवणाविना ईदसारखा वाटे. अठ्ठ्याण्णव साली त्यानं नागपूरहून जुना सिंथेसायझर आणला. सोबत पायानं चालवायच्या दोन पेट्या होत्या. एक इकोची, सूर पुन्हापुन्हा घुमवणारी. दुसरी आवाजाची, पाय दाबला की चढणारी आणि उचलला की उतरणारी.

पहिल्याच प्रयोगात घोळ झाला. मेलेल्या आईच्या फोटोला हात जोडून लेक घर सोडते, असा प्रवेश होता. लेकीचं काम करणारी पुनम विंगेत गेली, गुलाम रसूलनं हळूच पाय उचलला आणि सूर मान मुरगाळल्यासारखा तुटला. इकोचा मागमूस नाही.

"लाइन गेली का गा?" प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला. पुनमचं रडणं वाया गेलं.

भैयाजींनी पडद्यामागे गाठलंच. "गुलामभाई, पोंभुर्ण्याच्या प्रयोगाले असंच झालं तर वडश्याहून गुणवंतरावाले आणतो, त्याच्या ऑर्गनसकट. तुमी रेडिओच पाहा."



दुसऱ्या दिवशी सकाळपासून गुलाम रसूल घरच्या अंगणात वायरी पसरून बसला. सगळं ठणठणीत होतं. तेवढ्यात विहिरीवर त्याच्या बायकोच्या, कनीजच्या हातून दोर सुटला आणि बादली आत गेली.

"मेली, आजच पडाची होती!" कनीज विहिरीत ओरडली.

"होती... होती..." विहीर म्हणाली. कनीजचं तोंड केव्हाच मिटलं होतं.

गुलाम रसूल उठलाच. "पुन्हा ओरड!"

"येडे झाले का तुमी? बादली काढा पयले!"

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सूर जायचा आधी इकोत, मग आवाजाच्या पेटीत, मग स्पीकरमध्ये. रेडिओ मिस्त्रीच तो; आवाजाचं बटण स्पीकरच्या जवळ असायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं.

कनीजनं कपाळाला हात लावला. "म्हंजे विहीर बोलून राह्यली, अन् तुमी तिच्यावर झाकण ठेवता. बोलणाऱ्याचं तोंड बंद करा ना! विहिरीचं काऊन करता?"

वीस वर्षांची मिस्त्रीगिरी एका बादलीत बुडाली. पण हेकटपणा बाजूला ठेवून त्यानं मुकाट्यानं वायरी फिरवल्या. आता सूर आधी आवाजाच्या पेटीत जायचा, मग इकोत. पाय उचलला तरी गेलेला सूर घुमत राहायचा.

पोंभुर्ण्याला पुनम निघाली, गुलाम रसूलनं पाय उचलला. सूर थांबला आणि तरी राहिला, विरत, विरत. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. विंगेतून वाक्य पुरवणारा नथ्थूसुद्धा ऐकतच बसला आणि पुढचं वाक्य द्यायचं विसरला. स्टेजवरचा बाप वाक्याची वाट बघत खांबासारखा उभा. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! मांडव टाळ्यांनी दणाणला. गुलाम रसूलला मात्र समोरचं काही दिसेना. त्याचेच डोळे भरले होते.

गुलाम रसूलकडून विहिरीचा किस्सा ऐकून सोमवारी भैयाजी आरमोरीला त्याच्या घरी आले. चहासुद्धा न घेता म्हणाले, "बाई, ते विहीर कुठी आहे तुमची?"

कनीजनं पदर सावरत बोट दाखवलं. भैयाजींनी काठावर हात टेकले, आत वाकले आणि छाती फुगवून ओरडले, "गुलामभाई आपलाच!"

"आपलाच... आपलाच..." विहिरीनं कबूल केलं.