लिंबू-मिरचीच्या मागची तार

कल्पना करा, मे महिन्यातली दुपार आहे, आदिलाबादमधलं पत्र्याचं गॅरेज आहे आणि समोरच्या गाडीतून गरम वारा येतोय. गाडीच्या पडद्यावर बावीस अंशांचा आकडा दिसतोय. तुम्ही गॅस भरलाय, फिल्टर झाडलाय, तरी कॉम्प्रेसर हलत नाही. आणि मागे बाजेवर तुमची माय तापात बरळते आहे. आता सांगा, पहिला हात कुठे घालाल?

चंपतला तेच सुचत नव्हतं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या वेचायला गेलेली त्याची माय, सोनाबाई, सकाळी बांधावरच कोसळली होती. डॉक्टर म्हणाले, "ऊन डोक्यात गेलंय. नागपूरला हलवा. पण थंड गाडीतून. तापलेल्या गाडीत नेलं तर वाटेतच..." चंपतच्या ओळखीत थंड गाडी एकच होती, जिनिंगवाल्या भगवंतरावांची. आणि तीच बिघडून त्याच्या दारात उभी होती.

"थंड झाली तर घेऊन जा," भगवंतराव फोनवर म्हणाले होते. "नाही झाली तर मी तरी काय करू?"

त्यांचा ड्रायव्हर फकिरा स्टुलावर बसून वारा घेत होता. "पडद्याची गाडी हाय बाबू. तुह्या पान्याले ऐकन व्हय?"

चंपत बॉनेटखाली वाकला. बायको रुख्मिणी सासूच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती आणि फडका पाहता पाहता वाळत होता. त्याने बॅटरीवरून कॉम्प्रेसरला थेट करंट दिला. कॉम्प्रेसर फिरला, पण आत झोत गरमच! म्हणजे हवेची झडप गरम बाजूला उघडी होती, आणि गाडी स्वतःच ती तशी ठेवत होती.

"फकिराभाऊ, या गाडीले थंडी वाजून राह्यली."

"येडा झाला काय बे?"

"बाहेर बर्फ पडला असं कोनतरी तिले सांगून राह्यलं."

बाहेरची हवा मोजणारा सेन्सर पुढच्या जाळीमागे असतो, हे त्याला पाठ होतं. सगळी गाडी त्याने चाचपली होती, तेवढा कोपरा सोडून. तिथे लिंबू-मिरची लोंबत होती. गाडी गॅरेजात आणली त्या दिवशी भगवंतरावांच्या घरच्या मालकीणबाई तुळजाबाई म्हणाल्या होत्या, "तेवढं सोडून काय ते कर. त्याला तुझा हात नको." का, ते चंपतने विचारलं नव्हतं. त्याच्या घराण्यात ते विचारायची गरज कधी पडली नव्हती.

बाजेवरचं बरळणं थांबलं. रुख्मिणीने हाक मारली, "अवो, माय बोलून नाही राह्यली!"

चंपतने पक्कडीने दोरा तोडला.

"अबे, हात नको लावू!" फकिरा उठला. पण चंपतचा हात जाळीत कोपरापर्यंत गेला होता. हाताला लागली ती सडकी लिंबं. एक, दोन, मूठभर.

"हे काय?"

फकिरा ओशाळला. "उतरलेलं लिंबू रस्त्यावर कसं टाकाव? कोन ओलांडन. म्हनून आतच ढकलत गेलो."

त्या लिंबांचा रस झिरपून सेन्सरचा प्लग हिरवा पडला होता. आतली तार गंजून तुटली होती. तार तुटली की गाडी तेच कडाक्याची थंडी समजते. चंपतने प्लग कापून टाकला, तारा सोलल्या, थेट सेन्सरच्या टोकांना पिळल्या, चिकटपट्टी गुंडाळली. चावी फिरवली. कॉम्प्रेसर टक्‌ करून लागला आणि गाडीच्या आतल्या जाळीतून गार वारा आला.

मायला मागच्या सीटवर निजवलं. फकिराने गाडी पळवली. पैनगंगेचा पूल गेला, पांढरकवडा आलं. रुख्मिणीने पदर अंगाभोवती ओढून घेतला, इतकं गार झालं होतं.

चंपतने मायच्या कपाळाला हात लावला. तसंच, तव्यासारखं. इतक्या तापात अंगाला घामाचा टिपूस नाही. गाडीला बाहेर थंडी वाटत होती म्हणून ती तापत होती, ते त्याने शोधलं. मग मायच्या अंगाला काय वाटत होतं? ही अशी तार माणसात कुठं असते, आणि ती तुटली तर कोणी जोडायची?