सोपाऱ्याच्या वाटेवरचे तुळशीदास

निर्मळच्या तुळशीदासांची एक खोड जाता जाईना. दुपार कलली की चपला घालायच्या आणि फाटकाबाहेर पडायचं. जन्मभर केळीच्या वाडीत राबून कंबर वाकली होती, डोकं तर पार रिकामं होत चाललेलं, पण पाय काही घरात ठरत नव्हते. सून हेमाली चहा घेऊन आली की तिला म्हणायचे, "बाई, तुम्ही कुठल्या?" आणि विपुलला, पोटच्या एकुलत्या एका पोराला, 'साहेब' म्हणायचे. बापाच्या तोंडून साहेब ऐकताना कसं वाटत असेल, ते विपुललाच ठाऊक.

"कुठे जायचंय बाबा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "उशीर होतोय." बस, एवढंच.

पहिल्यांदा निघाले ते थेट सोपाऱ्याच्या नाक्यावर सापडले. विपुलची अशी तंतरली की त्याने वाटेवरच्या सगळ्यांना आपला नंबर देऊन टाकला. बाबा दिसले की तिथेच बसवा आणि मला फोन करा. पुढच्या खेपेला त्यांना वाटेतल्या गास गावातच अडवलं. मग देवळापाशी फुलं विकणाऱ्या बायजाने अडवलं आणि शेवटी तर फाटकापलीकडच्या वळणावरच. लोक शहाणे, विपुल त्यांच्याहून शहाणा. म्हाताऱ्याला भलत्या ठिकाणी काही झालं असतं तर गावानेच त्याला नावं ठेवली असती, हेही खरं. मग फाटकाला कुलूप लागलं. म्हातारा गजांना धरून उभा राहायचा आणि पुटपुटायचा, "उशीर होतोय, साहेब."

विपुल इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत होता, एव्हरशाईन सिटीत. ही विद्या तो शिकला सोपाऱ्याच्या एका क्लासमध्ये, मिसरूड फुटायच्या वयात. क्लास सुटेपर्यंत दिवेलागण व्हायची, म्हणून वाडीतलं काम टाकून तुळशीदास सायकल घेऊन न्यायला यायचे. पोरगा कॅरिअरवर बसून दिवसभराचं शिकलेलं बापाच्या पाठीला ऐकवायचा. एकदा म्हणाला, "बाबा, आपण पाठवतो ना, त्या माहितीचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर त्याच्या आयुष्याचा आकडा असतो. वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी त्यातला एक कमी होतो. शून्य झाला की ते पॅकेट तिथेच फेकून देतात."

"फेकून देतात? का रे?"

"वाट चुकलं तर जन्मभर गोल गोल फिरत राहील ना. बाकीच्यांचीही वाट अडेल."

तुळशीदासांनी पायडल मारायचं थांबवलं. "आणि पाठवणाऱ्याला कळवतात का?"

"कळवतात. कुठे संपलं त्याचा निरोप येतो."

"मग बरं," म्हणाले आणि पुन्हा पायडल मारायला लागले.

एके दुपारी ऑफिसात विपुल एका गिऱ्हाईकाची अडलेली वाट शोधत बसला होता. त्याची एक रीत असते. पॅकेटला मुद्दामच थोडकं आयुष्य द्यायचं. ते जिथे संपेल तिथून निरोप येतो. मग आकडा एकाने वाढवायचा, की त्याच्या पुढच्या ठिकाणाहून निरोप. असं वाढवत गेलं की मुक्काम सापडतो. हजारदा केलेलं काम, पण त्या दिवशी विपुलचा हात थांबला. बाबांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं केलं. दर खेपेला आकडा कमी करत आणला. देऊळ, वळण, फाटक. एक पाऊल पुढे जाऊ दिलं असतं तर कळलं नसतं का, माणूस कुठे निघालाय ते? लाज वाटली त्याला. अर्धी रजा टाकून तो घरी आला आणि कुलूप काढलं.

पण आता तुळशीदासांचे पाय देवळापर्यंतही चालेनात. विपुलने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. "तुम्ही सांगा, मी नेतो." गास आलं, म्हातारा म्हणाला, पुढे. नाका आला, तरी पुढेच. एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी विपुलच्या खांद्यावर थोपटलं. समोर औषधाचं दुकान होतं. दुकानावरचा जिना विपुलने ओळखला. वर त्याचा तो क्लास भरायचा.

तुळशीदास पायरीवर टेकले. जिन्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही जा साहेब, तुमची माणसं वाट बघत असतील. माझा विपुल सुटेल आता. अंधाराला घाबरतो तो."

'बाबा, मीच विपुल' हे विपुलने आजवर कितीदा सांगितलं होतं. प्रत्येक वेळी म्हातारा परक्याकडे बघावं तसा बघायचा, ओशाळायचा, त्याचे डोळे पाणावायचे. रस्त्यावरचे दिवे लागले. जिन्यावरून कोणी उतरलं नाही. तुळशीदासांची मान सारखी वर वळत होती. शेवटी विपुल त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"काका," तो म्हणाला. सख्ख्या बापाला काका म्हणताना त्याची जीभ जड झाली. "विपुलचा निरोप आलाय. तो आज लवकर सुटला. घरी पोचला."

"पोचला? एकटा?"

"एकटाच. आता मोठा झालाय तो."

तुळशीदासांनी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"मग बरं," म्हणाले आणि आपणहून स्कूटरवर जाऊन बसले.

त्यानंतर फाटकाला कुलूप लागलं नाही. विपुल रोज लवकर घरी यायचा, स्कूटर दारात तयार ठेवायचा. तुळशीदास ओट्यावर स्वस्थ बसलेले असायचे. मरेपर्यंत ते फाटकाकडे एकदाही गेले नाहीत.