मामाच्या टेबलावरचा गेम

माझा मामा घड्याळं दुरुस्त करायचा. एवढं सांगितलं की लोक नकळत स्वतःच्या मनगटाकडे बघतात. तिथे आता घड्याळ नसतं, असलंच तर पावलं मोजणारं असतं. असल्या घड्याळांना मामा नाक मुरडायचा. म्हणायचा, वेळ सांगायची सोडून नको त्या चौकशा करतं. त्याला जाऊन चार वर्षं झाली, तरी कुणाच्या मनगटावर तसलं घड्याळ दिसलं की मला त्याचं नाक आठवतं.

दुकान म्हणजे दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहायचं, एवढंसं. एका खुर्चीत उजव्या डोळ्याला भिंग लावलेला मामा आणि दुसऱ्या खुर्चीत मामी. मामा दिवसाकाठी मोजून वीस वाक्यं बोलायचा, उरलेलं सगळं त्याच्या वतीने मामी बोलायची. पट्टे लावणं हे तिचं काम. पट्टा घड्याळाला जोडणारी ती स्प्रिंगची बारीक काडी डाव्या अंगठ्याच्या नखाने दाबून धरायची आणि उजव्या हाताने पट्टा सरकवायचा. बोलता बोलता, गिऱ्हाइकाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करता करता तिचा पट्टा लागलेला असायचा. आम्हा भावंडांना सुट्टीत दुकानात न्यायचे ते उडालेल्या काड्या जमिनीवर शोधायला. शोधून देणाऱ्याला लिमलेटची गोळी. मी काड्या खिशात लपवून दोनदा शोधून दिल्या आहेत, हे मामीला पहिल्यापासून माहीत होतं असं मला आता वाटतं.

मामा ज्या उस्तादाकडे शिकला त्याने त्याला एक नियम घालून दिला होता. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला त्याची खरी वेळ लावायची नाही. चाल तपासायला दिवसभर चालवा, पण बाजूला ठेवताना काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणि तारीख असेल तर एकवर. मालक घ्यायला आला की त्याच्या डोळ्यांसमोर बरोबर वेळ लावायची आणि मग घड्याळ त्याच्या हातात द्यायचं. वेळ लावली की वस्तू त्याची, तोवर ती आपली जोखीम. हा नियम मामाच्या बोटांत इतका मुरला होता की घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलतानाही तो आधी काटे दहा-दहावर न्यायचा, मग मामीला हाक मारायचा. लहानपणी मला वाटायचं की जगातली सगळी घड्याळं सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनीच बिघडतात.

मामीला झटका आला तेव्हा मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होते. डावी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत बऱ्यापैकी आला, तोंड तर आठवड्यातच पूर्ववत झालं. हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. मामाने दुकान अर्धा दिवस केलं आणि कामाचं टेबल घरी आणून बाहेरच्या खोलीत मांडलं. भिंतीवर, कपाटावर, खिडकीत दुरुस्तीची घड्याळं. मामी पलंगावरून ती बघत बसायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबराचा चेंडू दिला होता. मामीने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीबाहेर टाकला. म्हणाली, मला पट्ट्याच्या काडीवर अंगठा टेकवायचाय, कुणाचा गळा दाबायचा नाहीये.

मग एक दिवस कपाट आवरताना माझ्या मामेबहिणीचा जुना गेम सापडला. दोन्ही हातांत धरायचा, मध्ये पडदा, दोन्ही कडांना बटणं. ती नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेली तेव्हा तो मागे राहिला होता. त्यात वरून पडणारे ठोकळे रचायचा एक खेळ होता आणि ठोकळा सरकवायची बटणं नेमकी डाव्या अंगठ्याखाली होती. मामीला त्याचं असं वेड लागलं की विचारू नका. जेवण बाजूला, औषध बाजूला, ही आपली ठोकळे रचतेय. महिन्याभरात अंगठा मुडपायला लागला. व्यायामाच्या बाई खूश झाल्या. त्यांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं की आता एक दिवसही सोडू नका, येत्या दोन-तीन महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं, पुढचं फार हळू येतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात गेम बंद पडला. पूर्ण बंद नव्हे, ते परवडलं असतं. चालू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दाखवायचा आणि खातं उघडा म्हणून अडून बसायचा. खातं मामेबहिणीचं. तिचा तो जुना मेल कधीच बंद झालेला. कंपनीने जुन्या यंत्रांचं बघणं सोडून दिलेलं. बहीण फोनवर म्हणाली, नवीन पाठवते. मामा म्हणाला, बिघडलेलं काही नसताना वस्तू टाकायची नाही. फोनवर तोच खेळ दिला, तर काचेवर मामीचा अंगठा नुसता घसरायचा, त्याला टेकायला बटण लागायचं. हळूहळू अंगठा पुन्हा ताठ व्हायला लागला. मामीचं बोलणंही कमी झालं, आणि हे आम्हाला हातापेक्षा भयंकर वाटलं.

शेवटी मामाने मला फोन केला. स्वतःहून फोन करणं म्हणजे त्याच्यासाठी केवढी मोठी गोष्ट. मी गेले, बघितलं आणि सांगितलं, की आतली कंपनीची सगळी व्यवस्था पुसून टाकायची आणि तिथे लिनक्स बसवायचं. ते कुणाचं खातं मागत नाही, फुकट आहे, आणि असले ठोकळ्यांचे खेळ त्यावर ढिगाने मिळतात. मामाने विचारलं, यंत्र तेच राहणार ना? म्हटलं, तेच, फक्त आतून नवं. हे त्याला लगेच समजलं. घड्याळाच्या जुन्या डबीत नवी मशीन त्याने शेकड्यांनी बसवली होती. मात्र काम मी करणार, हे त्याला मान्य नव्हतं. त्याच्या टेबलावर दुसऱ्याने काम केलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. तू सांगत जा, मी करतो, म्हणाला.

पहिल्या रविवारी टेबलावर पांढरं फडकं अंथरून त्याने गेम त्यावर ठेवला. डोळ्याला भिंगसुद्धा लावलं. मामा, यात स्क्रू खोलायचे नाहीत, म्हटलं तर म्हणाला, असू दे. मी तयार करून आणलेला पेनड्राइव्ह त्याने खाली खोचला, आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवून गेम चालू केला आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडला. पुढे पडद्यावर प्रश्न आला की आतलं सगळं पुसू का, परत मिळणार नाही. मामाचं बोट तिथे थांबलं. मामीने महिनाभर रचलेले ठोकळे, चढलेल्या पायऱ्या, सगळं त्यात होतं. त्याने पलंगाकडे बघितलं. मामी म्हणाली, पुसा. त्याने पुसलं.

ती पट्टी भरत जाताना बघणं हा प्रकार मामाला फार आवडला. टक्के वाढताना तो मान डोलवायचा. शेवटी भाषा कुठली, वायफाय कुठलं, वेळ काय, असले साधे प्रश्न उरले तेव्हा मी चहा टाकायला आत गेले. परत आले तर गेम नव्या रूपात उजळलेला आणि मामाच्या चेहऱ्यावर काय तो आनंद. मी खेळांची यादी उघडली, ठोकळ्यांचा खेळ निवडला, उतरवून घे म्हटलं. पडद्यावर आलं, सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मी त्या विषयातली, पगार घेणारी, लॅबमधल्या पोरांसमोर तोरा मिरवणारी बाई. माझा पारा चढला. आधी वायफायला चार शब्द सुनावले, मग पेनड्राइव्हला. दुसऱ्या रविवारी नवा पेनड्राइव्ह आणला, सगळं पुसून पहिल्यापासून बसवलं. मामाने पुन्हा मन लावून सगळी बटणं दाबली, शेवटच्या साध्या प्रश्नांना मी पुन्हा चहा टाकायला गेले, आणि पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या रविवारी तिसऱ्यांदा. वायफाय तर माझ्या फोनवर ठणठणीत. आता मात्र मी हात टेकले. मामाला म्हटलं, हे यंत्र बाद झालंय, बहिणीला कळव, नवीन पाठवू दे. मामा गेम फडक्याने पुसत राहिला.

तेवढ्यात मामी पलंगावरून म्हणाली, मला बघू दे. मी गेम तिच्यासमोर धरला. तिने खालच्या कोपऱ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. भिंतीवरच्या घरच्या घड्याळात सव्वाचार वाजत होते.

"अहो," ती म्हणाली, "हा अजून दहा-दहावर आहे. मला द्यायचा नाही का तुम्हाला?"

मी कोपऱ्यात बघितलं. दहा वाजून चौदा मिनिटं. त्यावर बोट ठेवल्यावर तारीख उघडली. एक जानेवारी, आणि वर्ष असं की तेव्हा माझ्या आईचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. यंत्र स्वतःला पन्नासेक वर्षं मागे समजत असेल तर खेळ देणाऱ्या साइटने ओळखीसाठी दाखवलेले आजच्या तारखेचे परवाने त्याला खोटेच वाटणार. ते प्रत्येक जोडणी नाकारणार नाही तर काय करणार? ज्या खोलीत चाळीस घड्याळं टिकटिकतात तिथे पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मी कशाला बघतेय. मामाने तिन्ही रविवारी वेळेच्या प्रश्नावर काटे दहा-दहावर नेले होते, महिना आणि तारीख एकवर नेली होती आणि वर्ष खाली जाईल तितकं खाली नेलं होतं. वेळ आपोआप लावू का, असंही त्या यंत्राने विचारलं होतं. त्याला मामाने नाही म्हणून सांगितलं होतं. स्वतःची वेळ स्वतः लावून घेणारं घड्याळ त्याला पटणं शक्यच नव्हतं.

मी हसायला लागले. मामीही हसेल असं वाटलं, पण ती मामाकडे बघत होती. तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"सवयीने झालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "द्यायचा होता गं. पण हा चालू झाला आणि तुझं बोट नाही चाललं, तर मग मी काय दुरुस्त करू?"

एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं. तीन रविवार मी वायफायवर चिडत होते आणि हा माणूस पोटात काय घेऊन बसला होता, याचा मला पत्ता नव्हता. मला त्याची इतकी माया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मी गेम खाली ठेवून दिला.

"ते माझं मी बघेन," मामी म्हणाली. "तुम्ही वेळ लावा."

मामाने गेम हातात घेतला. पलंगाच्या कडेला तिच्याजवळ बसला आणि तिला दिसेल असा पडदा धरून वेळ लावली. वर्ष, महिना, तारीख, मग तास, मग मिनिटं. भिंतीवरच्या सर्वांत खात्रीच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबला आणि तेव्हाच बटण दाबलं. मी खेळ उतरवायला लावला. मिनिटभरात उतरला. मामाने गेम मामीच्या मांडीवर ठेवला, तिचा डावा हात उचलून कडेला लावला, अंगठा बटणावर टेकवला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

पहिला ठोकळा सरळ खाली आला. अंगठा हलला नाही. दुसरा आला, पहिल्यावर बसला. मामीच्या कपाळाची शीर ताणली होती, ओठ घट्ट मिटले होते, आणि अंगठा बटणावर मेल्यासारखा पडून होता. तिसरा. चौथा. मध्यभागी नुसता मनोरा उभा राहिला आणि खेळ संपल्याची धून वाजली. मामीने उजव्या हाताने पुन्हा सुरू केला. पुन्हा मनोरा, पुन्हा धून. मामा एक पाऊल पुढे गेला आणि थांबला.

"माझे हात धर," तो माझ्या कानाशी म्हणाला. "नाहीतर मी जाऊन दाबीन."

मी त्याचे दोन्ही हात धरले. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात पकडून श्वास रोखून बसवणारे हात ते, आणि माझ्या हातांतून सुटायला बघत होते. चौथ्या की पाचव्या डावाला एक ठोकळा खाली येताना डावीकडे सरकला. एकच घर सरकला आणि बसला. मामाने माझी बोटं अशी आवळली की मी ओरडणार होते.

मामीने मान वर केली नाही.

"धरून ठेव गं त्यांना," ती म्हणाली. "मला अजून वेळ लागणार आहे."