पेटीतली ऊब

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालोय, घरातला पहिला पदवीधर. शाळेतल्या सरांच्या कृपेनेच इथवर, कतारला पोचलो. पण गेल्या हिवाळ्यात जे पाहिलं... ते अजून गळी उतरत नाही.

अल अझीझियात आमच्या अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, व्हिलामागे सापांची खोली आहे. तिथे मी न्यू गिनीचे काळे अजगर सांभाळतो — उजेडात निळसर चमकणारे. बंदिस्त जागेत ते फार क्वचित अंडी घालतात. आमच्या मादीने घातली, पण शेवटचं अंडं अडकून ती दगावली. मागच्या बोरीखाली मीच तिला पुरलं. अंडी उबवणीच्या पेटीत ठेवली.

अरबाब एवढंच म्हणाले, "ये अंडा गया तो खलास. रूम बंद, तुम इंडिया."

गुरुवारी घरची मंडळी वाळवंटात कॅम्पला निघाली, आम्हा दोघांनाही नेलं. दुसरे म्हणजे ड्रायव्हर रघूमामा, साताऱ्याचे. शनिवारी दुपारी परतताना मामा खुशीत म्हणाले, "काळजी करू नको, पोरा. निघताना आठवणीनं मेन पाडून आलोय. गावाकडं घर बंद करताना कायम पाडतो आम्ही."

"मामा... सापांच्या खोलीचाही तोच मेन आहे!"

"आरं द्येवा!"

धावतच खोली गाठली. फरशी गारठलेली, पेटीचा दिवा बंद. झाकण उचललं — आणि गरम वाफ तोंडावर आली. आत बॅटरीवरचा थर्मामीटर असतो, सगळ्यात कमी झालेलं तापमान तो लक्षात ठेवतो. त्यावर एकतीस. पेटी एकदाही गार झाली नव्हती!

मामांनी आत हात घातला आणि झटकन काढला. "कुणीतरी आत्ता उठून गेल्यागत वाटतंय रं..."

अंड्यांभोवतीचा ओला भुसा दाबला गेला होता. गोल, जाड वेटोळ्याचा ठसा... माझ्या मनगटाहून जाड. अजगराची मादी अशीच अंड्यांना विळखा घालून, अंग थरथरवून ऊब देते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आम्ही बोरीखाली जाऊन पाहिलं. माती जशीच्या तशी होती.

पुढे अंडी फुटली, सगळी पिल्लं जगली. अरबाबनी पाठ थोपटली, "शुक्रन, डॉक्टर!" मी मान खाली घातली.

पेटीला चीर नाही, वायर दुसरीकडून येत नाही. बाकीचे साप आपापल्या कुलूपबंद पिंजऱ्यात होते. सगळं तपासलं, उत्तर सापडलं नाही. फक्त एक सवय लागलीय — पेटी उघडण्याआधी मी झाकणावर हळूच टकटक करतो.