मास्तरांचे हात

सकाळी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी उभे राहून मास्तर कोटाच्या गळ्यातली टाचणी काढायचे आणि डाव्या करंगळीला टोचायचे. कळ आली की खुशीत म्हणायचे, "लागलं हो आज!" तुम्ही-आम्ही दुखलं म्हणून ओरडतो, या गृहस्थाला धास्ती न दुखण्याची.

आमची घरं शेजारी, आम्ही दोघे शिकवायचो ती शाळाही एकच. एका पावसाळ्यात त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग बसल्याबसल्या पाय आपोआप उडायचा, कधी जीभ जड व्हायची. त्या काळी रत्नागिरीत बोट बधिर म्हटलं की प्रत्येकाच्या मनात एकच नाव यायचं, महारोग. ते मोठ्याने मात्र कोणी उच्चारत नसे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, "मास्तर, तुम्हाला तो रोग नाही."

"मग हे काय आहे?"

"ते मलाही कळत नाही."

बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले, "अजून नाही, असं म्हणायचं असेल त्यांना."

कान पिळण्यात त्यांचा हात धरणारा शाळेत कोणी नव्हता. पण त्या दिवसापासून त्यांनी मुलांना हात लावणं सोडलं. पोरं खूश झाली. घरी मात्र त्यांची धाकटी यमू, नुकती बोलू लागलेली, हात पसरून धावत यायची आणि हे मागे सरत पडवीच्या भिंतीला टेकायचे. "लांबून बोल गो, लांबून."

शेवटी ते गावी ग्रामदेवतेला कौल लावायला गेले. मी सोबत होतो. गुरवाने देवाला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर रोग नाही, डावी पडली तर आहे. दुपार झाली तरी एकही पाकळी हलेना.

"देव आज बोलत नाय, मास्तर. मागनं परत या," गुरव म्हणाला.

लोक अशा वेळी पुन्हा कौल लावायला जातात. मास्तर पुन्हा गेले नाहीत. "बरं असतं तर सांगितलं असतं हो," ते वाटेत म्हणाले. "वाईट सांगायला देवालाही जड जातं."

घरी येताच त्यांनी अंथरूण, ताट, तांब्या सगळं पडवीत नेलं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चिडून म्हणाल्या, "बोटं झडायची तेव्हा झडोत. तोवर तरी पोरीला जवळ घ्या!" मास्तरांनी मान फिरवली. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले.

वर्षं गेली. मुंग्या वाढल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. यमूचं लग्न रत्नागिरीतच ठरलं. कन्यादान तिच्या मामाने केलं. मास्तर मांडवाबाहेर माडाखाली उभे होते. मला म्हणाले, "बिनधोक दिली हो मुलगी. माझा हात लागला नाही तिला." त्यांना वाटत होतं, बापाचं कर्तव्य ते हेच.

पुढे दोन-तीन वर्षांनी मास्तर गेले, ते साध्या तापाने. निरोप मिळताच यमू अनवाणी धावत आली. आम्ही बाजूला झालो. तिने त्यांचे दोन्ही हात उचलले आणि आपल्या गालांना लावले. सगळी बोटं शाबूत, नखं नीट कापलेली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "किती मऊ आहेत हो, काका. मला वाटायचं, खरखरीत असतील."