ज्युली माझ्याकडे बघतेय

दिल्ली छावणीतल्या डॉग युनिटमध्ये माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. स्फोटकं शोधणारी कुत्री आणि त्यांना हाताळणारे हँडलर तयार करणं हे माझं काम. जवान मला उस्ताद म्हणत. पुढे मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. आता मुलाकडे दिल्लीतच, मयूर विहारला राहतो. हे लिहितोय ते लान्स नायक प्रकाश खोत याच्यासाठी. तो ड्युटीवर मारला गेला आणि चौकशीत चूक त्याची ठरली. ती त्याची नव्हती. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

आधी काम समजावून सांगतो. स्फोटक म्हणजे काय हे कुत्र्याला कळत नाही. त्याला एक वास ओळखायला शिकवतात. वासापाशी बसलं की चेंडू मिळतो. वास, बसणं, चेंडू. हे पुन्हा पुन्हा झालं की वास येताच कुत्रं आपोआप बसतं. चेंडू मात्र बसल्याबरोबर मिळाला पाहिजे. जरा उशीर झाला की कुत्रं तोवर मान वळवतं, शेपूट हलवतं, आणि चेंडू शेपूट हलवल्याबद्दल मिळाला असं शिकतं.

या उशिरावरून मी फार चिडायचो. नवे हँडलर खिशात चाचपडत बसत. म्हणून मी माझी एक पद्धत काढली. सरावासाठीचा स्फोटकाचा नमुना कुठे लपवलाय ते हँडलरला आधीच सांगायचं, म्हणजे हात चेंडूवर तयार राहतो. निकाल उत्तम आले. माझी कुत्री परीक्षेत चुकत नसत. बाहेरून अधिकारी बघायला येत, मान डोलावत.

प्रकाश कोल्हापुरातल्या भुदरगडकडचा. उंच, हडकुळा, बोलका. त्याच्याकडे ज्युली नावाची काळी लॅब्रॅडॉर कुत्री होती. तिला तो आदेश हिंदीत द्यायचा आणि तिचे लाड मराठीत करायचा.

"खोत, कुत्रीशी भाषा एकच ठेव," मी एकदा दरडावलं.

"उस्ताद, माहेर तिचं दिल्ली असंल, पण सासर कोल्हापूर आहे. शिकायला नको?"

ग्राउंडवरचे सगळे हसले. मीही हसलो असेन.

त्याच आठवड्यात त्याने मला विचारलं, "उस्ताद, एकदा मला न सांगता लपवा की. बघू ज्युली काय करते."

"माझ्या शिकवण्यावर शंका आहे?"

"नाही, उस्ताद."

"मग ग्राउंडचे दोन चक्कर मार."

त्याने मारले. परत आला तेव्हा तोंड वाकडं केलेलं नव्हतं. त्याची बायको वंदना क्वार्टरमध्ये राहायची. मुलगी श्रद्धा तेव्हा रांगत होती.

उन्हाळ्यात आमची तुकडी उत्तरेकडच्या डोंगराळ भागात गेली. रोज सकाळी गाड्यांचा ताफा निघण्याआधी रस्ता तपासायचा. पुढे प्रकाश आणि ज्युली, अंतर ठेवून दोन जवान, मागे पहिल्या गाडीपाशी रेडिओ घेऊन मी. कुत्रीची सवय मोडू नये म्हणून तिथेही मी अधूनमधून नमुना लपवायचो. जागा प्रकाशला सांगूनच.

त्या सकाळी ताफ्याला उशीर झाला होता. कंपनी कमांडर दोनदा विचारून गेले होते. प्रकाश वळणापलीकडे, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीपाशी थांबला. मला तो दिसत नव्हता.

"क्या हुआ?" मी रेडिओवर विचारलं. रेडिओवर हिंदीतच बोलायचा नियम होता. तो मराठीत बोलला.

"उस्ताद, ज्युली थांबलीय. माझ्याकडे बघतेय."

"बसली का?"

"नाही. मोरीकडे नाक लावते, परत माझ्याकडे बघते."

"बसली नाही म्हणजे काही नाही. पुढे चल."

"तुम्ही एकदा येऊन बघता का?"

"खोत, गाड्या खोळंबल्यात. पुढे."

"बरं, उस्ताद."

त्यानंतर स्फोट झाला. मी धावत वळणापलीकडे पोचलो. मोरी उरली नव्हती. प्रकाश जागेवरच गेला होता. ज्युली रस्त्याच्या कडेला पडून होती, जिवंत. मागचे दोन्ही जवान बचावले. एक गढवालचा होता, एक तमिळनाडूचा. रेडिओवरचं बोलणं दोघांनीही ऐकलं होतं. समजलं कोणालाच नव्हतं.

चौकशीत मला विचारलं गेलं, हँडलरने काही कळवलं होतं का? मी म्हणालो, "कुछ बोला था, साहब. रेडिओ साफ नहीं था." निष्कर्ष निघाला की कुत्रीच्या वागण्यातला बदल हँडलरला ओळखता आला नाही.

रेडिओ साफ होता.

ज्युलीला दिल्लीला परत आणलं. तिचा एक कान गेला होता, बाकी ती बरी झाली. एका सकाळी मी केनेलच्या जवानाला सांगितलं की खोकी ओळीने मांड, त्यातल्या कुठल्याही एकात नमुना ठेव आणि मला सांगू नकोस. मग मी तिला पट्टा लावून ओळीने नेलं. एका खोक्यापाशी ती थबकली. वास घेतला. मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी काही केलं नाही, कारण मला काही माहीत नव्हतं. तिने पुन्हा वास घेतला, पुन्हा बघितलं. बसली नाही. जवानाने खोका उघडला. नमुना त्यातच होता.

मी तिथे जमिनीवर बसलो. तेव्हा तीही बसली.

आम्हाला जागा आधी माहीत असायची. तिथे पोचलं की हँडलरचं पाऊल नकळत मंदावायचं, पट्टा सैल पडायचा, हात खिशाकडे जायचा. कुत्र्यांनी ते हेरलं होतं. वास आला तरी माणसाचा होकार येईपर्यंत बसायचं नाही, हे त्यांना मी शिकवलं होतं. मोरीपाशी ज्युलीला वास आला होता आणि ती प्रकाशकडे होकार मागत होती. प्रकाशने तेवढंच ओळखलं आणि माझ्याकडे विचारणा केली.

पुढच्या महिन्यापासून मी पद्धत बदलली. नमुना दुसऱ्याने लपवायचा, उस्ताद आणि हँडलर दोघांनाही सांगायचं नाही. या सुधारणेबद्दल माझं कौतुक झालं. ही सुधारणा का सुचली, असं कोणी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

वंदनाने पुढे गाझियाबादला शाळेत नोकरी धरली. मी त्यांच्याकडे कधी गेलो नाही. यंदा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात दिल्लीतल्या मराठी माजी सैनिकांचा आणि कुटुंबांचा कार्यक्रम होता. जेवणाच्या रांगेत एक मुलगी माझ्यासमोर आली. उंच, हडकुळी. ती कोण हे सांगावं लागलं नाही.

"काका, तुम्ही पप्पांचे उस्ताद ना? मी श्रद्धा. गुरुग्रामला जॉब करते. एक विचारू? कुत्रीने बिल्कुल बरोबर सांगितलेलं आणि पप्पांनाच समजलं नाही, असं सगळे म्हणतात. खरंय का?"

"रेडिओ साफ..." माझ्या तोंडून सुरुवात झालीसुद्धा. मी थांबलो. तिच्या हातातली ताटली तशीच होती. "रविवारी तुमच्या घरी येतो," मी म्हणालो. "आईलाही थांबायला सांग."

रविवारी गेलो. वंदनाने पाणी दिलं. मी ग्लास हातात घेतला नाही. वर लिहिलंय ते सगळं, याच क्रमाने सांगितलं.

मग वंदना म्हणाली, "म्हणजे ह्यांनी विचारलं होतं."

"हो."

"'या' म्हणाले होते तुम्हाला."

"हो."

"मी इतकी वर्षं ह्यांच्यावर चिडून होते, उस्ताद. नीट बघितलं असतं, तर घरी आले असते म्हणून. फोटोला हारसुद्धा हिच्याच हातून घालायचे. मी नाही घातला कधी."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "ते नका बोलू. लिहून द्या. आमच्या गावात सगळ्यांना वाचता येईल असं लिहा." ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

श्रद्धा मला सोडायला खाली आली. गेटपाशी रिक्षा मिळेपर्यंत आम्ही उभे होतो.

"काका, मी तर खूप छोटी होते. मला पप्पांचा आवाजच माहीत नाही. तेव्हा व्हिडिओ वगैरे कुठे होते? आई सांगत नाही. रेडिओवर लास्ट तुम्हीच ऐकलात. कसा होता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. शब्द सगळे आले, एकही गळला नाही. आवाज आला नाही. चौकशीत मी रेडिओवरच्या खरखरीची गोष्ट रचली होती. नंतर ती युनिटमध्ये सांगितली, घरी सांगितली, स्वतःला तर रोज सांगितली. इतक्या वेळा सांगितली, की आता ती सकाळ आठवली की मला खरखरच ऐकू येते. मी रचलेली. प्रकाशचा आवाज तिच्याखाली कुठेतरी असेल. माझ्या हाताला तो लागत नाही.

"आठवत नाही, बाळ," मी म्हणालो.

तिने मान हलवली. रिक्षावाल्याला हिंदीत पत्ता सांगितला आणि मी बसेपर्यंत माझी काठी धरून उभी राहिली.

म्हणून लिहून देतो. लान्स नायक प्रकाश खोत, राहणार तालुका भुदरगड. त्याने आपल्या कुत्रीचं वागणं अचूक ओळखलं. त्याने वेळेवर कळवलं. त्याने मला बोलावलं. मी गेलो नाही, आणि त्याला पुढे जायचा हुकूम दिला. त्याने तो पाळला.